आंबलेली टाकी

"वहिनी, ज्योत पळतेय," पावशेर फोनवर म्हणाला. "बर्नरला धरून राहतच नाही. वर उडते आणि विझते. मी काडी लावतो, ती पळते. उजाडल्यापासून आमचा हाच लपंडाव चाललाय आणि भट्टीत निम्मे पाव कच्चे पडलेत."

पावशेर हा बेकरीवाला. अंगाने इतका बारका, की त्याने पिठाचं पोतं उचललं तर पोत्यानेच त्याला उचललंय असं वाटावं; म्हणून हे नाव. एरवी तो दर वाक्याला एक टोमणा मारी. आज टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच वहिनीने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मग आता?"

"आता काय, भट्टीचं जुनं तोंड उघडलं आणि लाकडं पेटवली. पण मी विचारतो, टोस्टचं काय? जादा गॅस देते म्हणालात ना तुम्ही परवाच?"

"मी बघते," वहिनी म्हणाली. फोन ठेवतेय तोच दुसरा वाजला. धुलाईवाल्या मावशी. दवाखान्याच्या चादरी त्यांच्याकडे धुवायला येत, आणि त्यांचं म्हणणं असं, की बॉयलरचं पाणी कोमट होतं, पण उकळायचं नाव घेत नाही.

वहिनीने चपला पायात सरकवल्या आणि पदर खोचत ती टाकीकडे निघाली. तिसरा फोन अजून आला नव्हता. तो येऊ नये असं वाटत असतानाच तिला हेही कळत होतं, की तो येणार.

तिला सगळा परिसरच वहिनी म्हणे. नवरा टाकी सांभाळी, ती गिऱ्हाइकं. गोठ्यांमधलं शेण आणि बाजारातला उरलेला भाजीपाला टाकीत जायचा, टाकीच्या डोक्यावर बांधलेल्या मोठ्या रबरी फुग्यात गॅस साठायचा, आणि तिथून जमिनीखालच्या नळाने तीन दारी पोचायचा. बेकरी, धुलाई आणि सगळ्यात शेवटी नणंदेचं अंडी उबवायचं केंद्र. नवं गिऱ्हाईक आलं की वहिनी त्याला गॅस किती हवा हे आधी विचारतच नसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या जागेवर स्टूल टाकून बसे आणि गॅस कशाला हवा ते पाही. पावाला पहाटे भडक आच लागते आणि मग दिवसभर काही नाही. चादरींना दुपारी उकळतं पाणी लागतं. अंड्यांना अगदी थोडं लागतं, पण अष्टौप्रहर लागतं. देणारा एक आणि मागणारे अनेक, आणि प्रत्येकाची भूक निराळी; हा मेळ आपण घालत नसून वरचा कुणीतरी घालतो आणि आपण फक्त चाव्या फिरवतो, असं तिला मनापासून वाटे. त्यामुळेच तिचा हात सहसा चुकत नसे.

टाकीपाशी पोचायच्या आधीच तिला वास आला. चांगल्या टाकीला गोठ्यासारखा, ओल्या मातीसारखा वास असतो. सवयीने तो आवडायलाही लागतो. आजचा वास आंबट होता, नाकात टोचणारा.

दादा टाकीच्या कठड्यावर हात टेकून आत बघत उभा होता. दादा म्हणजे तिचा नवरा. बहिणीमुळे आणि मग बहिणीच्या देखादेखी तोही सगळ्यांचाच दादा झाला होता. आडव्या अंगाचा, मोठ्या मनाचा माणूस. टाकीला भरवताना गुणगुणायचा, आणि पुष्कळांनी त्याला तिच्याशी बोलतानाही ऐकलं होतं.

"अहो, काय घातलंत हिला?"

"रोजचंच."

"रोजचंच?"

"थोडा फळांचा गर घातला."

"थोडा म्हणजे किती?"

दादाने टाकीकडे पाहिलं, मग भिंतीला लावलेल्या रिकाम्या पिंपांकडे पाहिलं. "सगळा," तो म्हणाला.

रसाच्या कारखान्याने बिघडलेल्या गराची पिंपं फुकट पाठवली होती, हे वहिनीला ठाऊक होतं. तो कसा घालायचा तेही ठरलं होतं : रोज एक बादली, शेणात कालवून.

"पहिल्या दिवशी एक बादली घातली," दादा सांगू लागला. "तर फुगा असा टम्म झाला. म्हटलं, हिला आवडलंय. इतकी वर्षं बिचारी शेण आणि कोबीची पानं खाते. म्हटलं, चार दिवस गोडाधोडाचे. दुसऱ्या दिवशी आणखी घातला, फुगा आणखी वर. तूच म्हणालीस ना, काय छान फुगलाय."

म्हणाली होती. नुसती म्हणाली नव्हती, तर तो वर आलेला फुगा पाहून तिने पावशेरला टोस्टसाठी जादा गॅस कबूलही केला होता. गॅस कुठून आला, किती दिवस येणार, हे एरवी तिने दहादा विचारलं असतं. त्या दिवशी विचारलं नाही. आनंदात माणूस विचारत नाही.

आता टाकीच्या पोटात काय झालं असेल हे तिला न बघताही दिसत होतं. त्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव कामाला असतात. काही जण आलेलं अन्न आंबवतात, आणि दुसरे काही त्या आंबलेल्याचा गॅस करतात. पहिले चपळ, दुसरे धिमे. गोड फार झालं की पहिले सुसाट सुटतात, आंबट इतकं साठतं की दुसऱ्यांचा जीव त्यात गुदमरतो. मग फुगा भरलेला दिसतो, पण त्यात जळणारं थोडं आणि न जळणारं फार. फुगा अजूनही भरलेला दिसत होता. तीच तर फसवणूक होती.

"आजपासून हिचा उपास," वहिनी म्हणाली. "एक पान घालायचं नाही. चुन्याची निवळी थोडी थोडी सोडा, आणि पलीकडच्या वसाहतीतल्या टाकीचं जुनं शेणपाणी टँकरने मागवा, विरजण म्हणून."

"कधी ताळ्यावर येईल?"

"पंधरवडा. कदाचित जास्त."

दादाचा चेहरा उतरला. तो हिशेब वहिनीने केव्हाच केला होता, त्याला आत्ता लागला. "अगं, पण धाकटीची अंडी..."

आणि तेव्हाच तिसरा फोन वाजला.

*

उबवणी केंद्र म्हणजे घरामागची एक जाड भिंतींची खोली. खाली गॅसचा बर्नर, बर्नरवर जाड लोखंडी पत्रा, आणि त्या पत्र्याची ऊब वर चढून जाळीच्या पेट्यांमधून फिरे. पेट्यांत हजारभर अंडी. दाराशी पाण्याच्या पसरट परातीही ठेवलेल्या, हवा कोरडी पडू नये म्हणून.

"या, वहिनी, या," नणंद म्हणाली. "गॅसच्या बाई आल्या. गॅस तेवढा आला नाही."

"वन्सं, किती उतरलंय?"

"तुम्हीच बघा. माझे डोळे आता ते बघून दमले."

तापमापकाचा पारा हव्या त्या खुणेच्या किंचित खाली आला होता. किंचितच. बर्नरची ज्योत मात्र फिकट, उंच, जागेवर न ठरणारी. वहिनीने खाली बसून हवेचं भोक चिमटीने बंद करत आणलं. ज्योत पिवळसर होऊन बर्नरवर टेकली, थरथरली आणि टिकली.

"टिकली," नणंद म्हणाली.

"तात्पुरती."

तेवढ्यात एका पेटीतून आवाज आला. बारीक, दबलेला, जणू भिंतीपलीकडून कुणी हाक मारावी तसा. मग दुसऱ्या पेटीतून त्याला उत्तर. पिलं फुटायच्या एक-दोन दिवस आधी कवचाच्या आतूनच बोलायला लागतात. अजून जगात पाऊल नाही, चोच बाहेर नाही, आणि एकमेकांची चौकशी सुरू. एरवी ते ऐकून वहिनीचे हात आपोआप जोडले गेले असते. आज तिला ते ऐकवेना.

"सुरू झालीत ती," नणंद हलक्या आवाजात म्हणाली. "आज, उद्या, परवा सकाळपर्यंत. एवढंच हवं होतं मला. मागची खेप कोळशाच्या धुराने गेली. गिऱ्हाइकं म्हणाली, बाईंची पिलं जगत नाहीत. तुम्ही म्हणालात, भट्टी काढा, गॅस घ्या, मी जबाबदार. मी भट्टी काढली. भंगारात गेली ती. हीही खेप गेली तर या खोलीला कुलूप, वहिनी. मग मी दुसऱ्याच्या दुकानात उभी राहते आणि मुलगी घरी एकटी. मी भांडत नाहीये. नुसतं सांगतेय."

"भांडा हो. त्यानं मला बरं वाटेल."

"भांडायलाही ऊब लागते," नणंद म्हणाली, आणि एवढ्यातही दोघींना क्षणभर हसू फुटलं.

मग त्यांनी एकेक वाट चाचपून पाहिली. विजेची शेगडी? वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसल्यामुळेच तर गॅस घेतला होता, आणि आज सकाळपासून ती नव्हतीच. स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर? या बर्नरची भोकं मोठी. तो गॅस यातून सोडला तर ज्वाळा पत्र्याला वेढून वर येईल आणि अंडी उकडून निघतील. कोळशाची शेगडी आत आणून ठेवावी असं नणंद म्हणाली, तर वहिनीने मान हलवली. कवचालाही बारीक छिद्रं असतात, आतला जीव त्यातून श्वास घेतो. मागची खेप कशाने गेली ते दोघींना ठाऊक होतं.

"मग एकच," नणंद म्हणाली. "चांगला असो वाईट असो, फुग्यातला जो काही गॅस आहे तो सगळा मला द्या. बाकीच्या दोन चाव्या बंद करा."

वहिनीने पुन्हा पाऱ्याकडे पाहिलं.

"बेकरीवाल्याने लाकडं पेटवलीच आहेत. राहिल्या मावशी. एक दिवस चादरी नाही धुतल्या तर काय होतं?"

"दवाखान्याच्या चादरी आहेत त्या. उद्या तिथं ऑपरेशनं आहेत. न उकळलेली चादर कुणाच्या जखमेखाली जाईल, सांगा."

"आणि मी परकी?"

वहिनी उठली. "बेकरीची बंद करते," ती म्हणाली. "मावशींची नाही करत."

नणंदेने तोंड फिरवलं.

*

चाव्यांची चौकट रस्त्याच्या कडेला एका लोखंडी झाकणाखाली होती. वहिनीने गुडघ्यावर बसून झाकण उचललं, बेकरीची चावी आवळून बंद केली, आणि तिचा हात शेजारच्या चावीवर जाऊन थांबला. फिरवली तर मावशींना कळायलाही वेळ लागेल. टाकी बिघडली एवढंच त्यांना समजेल. कुणी विचारणार नाही.

देवाकडे मागायची तिला सवय नव्हती. ती त्याला विचारत असे. आता तिने विचारलं, यातलं मी काय करू? रस्त्यावरून एक सायकल गेली. एक कुत्रं झाकण हुंगून गेलं. तिने हात मागे घेतला आणि मावशींना फोन लावला.

"मावशी, खरं सांगते. गॅस आज सुधारणार नाही. पंधरा दिवस सुधारणार नाही. तुमचं पाणी दुसरीकडे कुठं उकळता येईल का?"

"हे मघाशी सांगितलं असतंस तर मी मघाशीच दवाखान्याला कळवलं असतं," मावशी म्हणाल्या. "त्यांच्याकडे स्वतःची कढई आहे, डिझेलवर चालणारी. महाग पडते म्हणून बंद ठेवलीय. पेटवतील झक मारत. तू माझी चावी बंद कर. कुणासाठी हवाय?"

"अंड्यांसाठी."

"मग विचारत काय बसलीस?"

वहिनीने चावी फिरवली. आता फुग्यातला सगळा गॅस एकाच दिशेने निघाला. ती जवळजवळ पळतच नणंदेच्या दारी पोचली, आणि दारातच तिला कळलं. नणंद बर्नरपाशी काडी धरून बसली होती. काडी जळत होती. गॅसचा फस्स आवाज स्पष्ट येत होता, आणि काडीची ज्योत त्या झोतात विझून जात होती. जळायचं ते थोडं होतं, तेही संपलं होतं. आता येत होती ती नुसती हवा. आग पेटवणारी नव्हे, विझवणारी.

"सगळा मलाच दिलात ना?" नणंद म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

वहिनीने आधी बर्नरची चावी बंद केली, खोलीचं दार क्षणभर उघडून आतली हवा जाऊ दिली, पुन्हा लावून घेतलं. पारा आणखी खाली आला होता. घरातल्या सगळ्या रजया पेट्यांवर पडल्या. नणंदेची मुलगी आपली शाल घेऊन आली आणि न सांगताच एका कोपऱ्यात ती खोचून गेली.

"संध्याकाळपर्यंत," नणंद म्हणाली. "त्यानंतर आतले आवाज बंद होतील. मला माहितीये ते कसं होतं. एकेक करून गप्प होतात."

*

वहिनी बेकरीत गेली ती माफी मागायला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं आणि पावशेरला तोंड दाखवणं तरी हातात होतं.

तो मागच्या बाजूला होता. कणकेची फुगलेली तबकं एका बुटक्या खोलीतून काढून भट्टीत ढकलत होता. "या," तो म्हणाला. "चावीही बंद केलीत म्हणे. फोनसुद्धा नाही. बरं केलंत. नाही तरी त्यातून वाराच येत होता. उन्हाळ्यात लावा परत, पंखा म्हणून वापरीन."

"चुकलं माझं. टोस्टचा शब्द द्यायला नको होता. टाकी दोन दिवस भलतंच देत होती, मी ते कायमचं धरलं."

"म्हणजे नवरा आग्रह करून वाढतो आणि बायको त्या ढेकरावर गिऱ्हाइकं करते."

वहिनीला हसू आलं नाही, पण बोलणं बरोबर होतं. ती काहीतरी म्हणायला बुटक्या खोलीच्या दारात वाकली आणि तिला दिसेनासं झालं. चष्म्यावर वाफ धरली होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाफ.

दिवसातून एकदा तिच्या चष्म्यावर अशीच वाफ धरायची. एकाच ठिकाणी. नणंदेच्या खोलीत पाऊल टाकलं की.

ती आत शिरली. खोलीची मागची भिंत भट्टीचीच होती. विटा हाताला उबदार लागत होत्या, चटका नव्हता. खाली पसरट भांड्यात पाणी, वर कणकेची तबकं. हवा दमट, अंगाला चिकटणारी; आपल्याच कपाळाला हात लावल्यासारखी ऊब.

"ही भिंत अशी किती वेळ राहते?"

"ती? ती काय, आत्ता लाकडं काढली तरी उद्या दुपारपर्यंत. विटा आहेत त्या, माणसं नाहीत लगेच थंड व्हायला. दोन ओंडके टाकत राहिलं तर हवी तेवढी."

इतकी वर्षं गॅस कुणाला किती आणि केव्हा हे ती जुळवत आली होती. अंड्यांना गॅस कधी हवाच नव्हता. ज्योतही नको होती. त्यांना हवी होती ही, उताराला लागलेली, कुणाच्याच कामाची न उरलेली ऊब, कणीक फुगवून उरणारी. एवढी साधी गोष्ट. पण ठेच लागल्याशिवाय काही गोष्टी समोर येत नाहीत.

"मला ही खोली पाहिजे," ती म्हणाली. "परवा सकाळपर्यंत."

पावशेर थांबला. "कशाला?"

तिने सांगितलं.

"वहिनी," तो सावकाश म्हणाला, "या खोलीत उद्याचा पाव फुगतो. खोली गेली की उद्याचा पाव गेला, परवाचाही गेला. आणि पिलं म्हणजे पिसं, घाण. मला भिंतीपासून सगळं धुवावं लागेल. एकाने पावात पीस निघालं म्हणून दाखवलं तर दुकान बसलं. आणि हे मागतंय कोण? ज्यांनी सकाळी माझे निम्मे पाव घालवले ते."

"हो."

"बदल्यात काय देणार?"

"काही नाही माझ्याकडे द्यायला. गॅससुद्धा पंधरा दिवस नाही. खोटं कशाला बोलू."

"सकाळी थोडं खोटं बोलला असतात तर बरं वाटलं असतं," तो पुटपुटला. त्याने तबक भट्टीत सारलं आणि दार लावून घेतलं.

दारात नणंद येऊन उभी राहिली होती. वहिनीने तिला बोलावलं नव्हतं. ती आली होती ते स्वतःच्या मनाने, भांडायला की विचारायला ते तिचं तिलाही ठाऊक नसावं. तिने एक अंडं दोन्ही तळव्यांत, छातीशी धरलं होतं. पेटीच्या कडेचं, सगळ्यात गार पडलेलं.

"हे मघापासून बोलत नाहीये," ती वहिनीला म्हणाली. पावशेरकडे तिचं लक्षच नव्हतं. "कडेची सगळी गप्प झालीत."

वहिनीने तिला हाताला धरून बुटक्या खोलीत ओढलं, भिंतीशी बसवलं. भट्टीत लाकूड तडकलं. पावशेर दारात वाकून उभा, हाताला पीठ. कुणी त्याला थांब म्हणालं नव्हतं, पण तो थांबला.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. नणंदेच्या चेहऱ्यावर घाम आला, तो पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मग तिच्या तळव्यांतून एक आवाज आला. बारीक. एकच.

"काय ते?" पावशेरने विचारलं.

"तेच," नणंद म्हणाली.

तो खाली बसला आणि त्याने तिच्या हातांशी कान नेला. पुन्हा आवाज आला. तो तसाच कान लावून बसला, मग उठला, आणि वर फळीवरची फुगत आलेली तबकं एकेक करून बाहेर काढू लागला. बाहेरच्या गार हवेत कणीक हळूहळू बसत होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"उद्या चपटा पाव विकतो," तो म्हणाला. "म्हणतो नवीन प्रकार आहे. आणा तुमची गँग. आधी फळ्या पुसून घेतो."

*

अंडी नेणं हे सांगायला सोपं. शेवटच्या दिवसांत त्यांना हिसका चालत नाही, वारा चालत नाही, आणि रस्ता खडबडीत. मावशींनी चादरींची मोठी हातगाडी दिली, आणि कोळशाच्या इस्त्रीखालून निघालेल्या गरम चादरींचा एक ढीगही दिला. "मळल्या तर मळू द्या," त्या म्हणाल्या, "मी पुन्हा धुवीन." पेट्या त्या चादरींत गुंडाळल्या गेल्या. दादा गाडीला बैलासारखा लागला होता आणि इतका हळू चालत होता की मागची वाहनं हॉर्न वाजवून वाजवून थकली. एका खड्ड्यापाशी त्याने गाडी थांबवली, चाकाखाली आपला पाय घातला, चाक त्यावरून जाऊ दिलं आणि पुढे निघाला.

नणंद गाडीबरोबर, हात चादरीखाली. आतली ऊब हातानेच मोजत होती.

"दादा," ती मध्येच म्हणाली, "गर कसा लागतो रे?"

"काय?"

"नाही, तू तिला एवढा चारलास, म्हटलं चाखून पाहिला असशील."

दादाने मान खाली घातली. "चाखला होता," तो म्हणाला. "आंबट होता जरा."

वहिनी आणि नणंदेने एकमेकींकडे पाहिलं. पुढचा रस्ताभर गाडीभोवती काहीतरी सैल झालं होतं.

तीन खेपा झाल्या. शेवटची पेटी फळीवर चढली तेव्हा पारा किती खाली गेला होता हे नणंदेने कुणाला सांगितलं नाही. वहिनीनेही विचारलं नाही. पावशेरने दोन ओंडके टाकले. सगळे दाराबाहेर पिठाच्या पोत्यांवर बसले आणि कान लावून राहिले. आत शांतता होती. भांड्यातलं पाणी भिंतीच्या उबेने हळूहळू वाफाळत होतं, एवढंच.

वहिनी मनातल्या मनात नामस्मरण करत होती. एरवी नाम घेताना तिचं मन भरकटे. आज एका अक्षरावरूनही हललं नाही. ज्याने या चिमूटभर जिवांना कवचाच्या आत बोलायला शिकवलं, त्यालाच त्यांचं ऐकू येत असेल, आपण नुसतं दार धरून बसायचं, एवढंच ती म्हणत होती. मधल्या फळीवरून एक आवाज आला. मग खूप वेळाने दुसरा. मग त्यांची मोजदाद करणं जमेना.

*

पिलं दुसऱ्या दिवशी दुपारी फुटायला लागली. कडेच्या पेट्यांतली पुष्कळ अंडी तशीच राहिली. ती नणंदेने एका टोपलीत भरली आणि टोपली झाकून बाजूला ठेवली. त्या टोपलीकडे कुणी बघू नये अशा बेताने ती हालचाल करत होती. पण फळ्या जिवंत झाल्या होत्या. ओली, वेडीवाकडी, एकमेकांवर पडणारी पिलं वाळून पिवळी होत होती, आणि दुकानात चपटा पाव घ्यायला आलेली माणसं आत कसला कलकलाट म्हणून विचारत होती. पावशेर सांगत होता, नवीन प्रकारचा पाव आहे, ओरडतो.

नणंद बुटक्या खोलीतून बाहेर आली. केसांत मऊ पिसं, डोळे लाल.

"वहिनी, उद्या सकाळी खोली मोकळी करायची. मग? अजून दोन आठवडे तरी त्यांना ऊब लागते. माझ्या खोलीत गॅस नाही. बाहेर गारठा आहे."

एरवी वहिनी म्हणाली असती, होईल काहीतरी. तोंडापर्यंत आलेलं तिने गिळलं.

"टाकीकडून होणार नाही," ती म्हणाली. "टाकी विसरा. एवढी सगळी एका ठिकाणी उबदार राहतील अशी जागा माझ्याकडे नाही. वेगवेगळी करावी लागतील. जिथं उरलेली ऊब आहे तिथं, मावेल तेवढीच."

"कुठे?"

वहिनीने स्टूल ओढलं नाही; ती उभ्यानेच निघाली आणि दारोदार हिंडली. मावशींच्या इस्त्रीच्या टेबलाखाली हात घालून बसली, तिथली ऊब किती टिकते ते कळेपर्यंत उठली नाही. पावशेरच्या भट्टीच्या माथ्यावर चढली. मोटारीचं वायंडिंग करणाऱ्याच्या वार्निश वाळवायच्या खोलीत डोकावली आणि वासाने लगेच बाहेर आली, तिथं नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यामागचा कोपराही तिने सोडला नाही. प्रत्येक जण जितकी घेतो म्हणाला, त्यापेक्षा तिने त्याला कमी दिली. मावशी रागावल्या. पावशेर म्हणाला, माझ्या माथ्यावर आणखी शंभर मावतील. "मावतील," वहिनी म्हणाली, "पण तुम्ही पहाटे भडका कराल तेव्हा?" त्याने शंभराचा हट्ट सोडला. दादाने ओट्यामागे दोनशे मागितली. त्याला चाळीस मिळाली, आणि त्यांना दाणे नणंदेची मुलगी घालेल असं ठरलं.

तरीही काही उरलीच. एक खोकं. सगळ्या जागा भरल्या होत्या.

"ही?" नणंदेने विचारलं.

"माहीत नाही अजून," वहिनी म्हणाली. "दवाखान्याने कढई पेटवलीय, तिच्या मागची भिंत बघून येऊ. देतील की नाही, सांगता येत नाही."

नणंदेने खोक्यावर चादर दुमडून घातली आणि ते उचलून छातीशी धरलं. दोघी रस्त्यावर आल्या. वारा समोरून नव्हता, डाव्या अंगाने येत होता. वहिनी तिला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून चालू लागली.